ठाऊक वजनाचा हात

४ तारीख, सोमवार

वर्षाची तपासणी होती. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, परत भरली. मग माझ्याकडे न बघता कागदावर १६०/१०० लिहिलं.

"पळत आलास का रे?"

"तीनशे बारा पायऱ्या रोज चढतो सिस्टर, तेव्हाही पळत नाही."

त्या हसल्या नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी निकाल पुढे ढकलला. तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ बीपी स्वतः मोजायचं, लिहायचं आणि पंचवीस तारखेला वही घेऊन यायचं. आकडे उतरले तर क्रेनवर राहीन. नाही उतरले तर खाली, स्टोअरमध्ये. यंत्रही त्यांनीच दिलं. दहा जणांच्या हातून गेलेलं दिसतंय, पट्टा पार विटलाय. टेकून बसायचं, पाच मिनिटं शांत राहायचं, मोजताना तोंड उघडायचं नाही, असं तीनदा बजावलं.

"आकड्यांशेजारी काय खाल्लंस, झोप किती, जवळ कोण होतं, मनात काय होतं, तेही लिही," सिस्टर म्हणाल्या.

"मनात काही नसतं."

"मग तसं लिही."

आकडे मागच्या पानांवर लिहिणार आहे, ती पानं त्यांची. पुढची माझी. सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, बोटं दुखायला लागली.

स्टोअरचं नाव काढलेलं मला चालत नाही. याच कंपनीत मी विटा वाहिल्या, मग माल बांधायला शिकलो, मग क्रेनची परीक्षा दिली. आता अख्खी इमारत माझ्या पायाखाली असते. ताईला सांगून ठेवलंय, साहेबलोकसुद्धा मला मान वर करून बघतात. आता काय सांगू, नटबोल्ट निवडतो?

आणि मला होतंय काय? मान आवळून येते, जबडा दुखतो. बस. ते काय कुणाचंही दुखतं.

५ तारीख, मंगळवार

सकाळी १५६/९८. संध्याकाळी १५८/९६.

शांत बसायला मला काही करावं लागत नाही. खोलीत चार खाटा, पण बाकीचे तिघे महिनाभर रात्रपाळीला आहेत. मी येतो तेव्हा ते नुकतेच गेलेले असतात, मी निघतो तेव्हा अजून आलेले नसतात. चहाचं पातेलं कोमट असतं. उशांवर डोक्यांचे खळगे असतात. परवा आरशावर चिठ्ठी होती, "तुझा साबण घेतला." मी खाली लिहिलं, "घे." महिन्याभरातलं आमचं बोलणं एवढंच.

मला त्याचं काही नाही. एकटा जीव सदाशिव. लोक शांतता मिळावी म्हणून डोंगरावर जाऊन बसतात, मला ती वर केबिनमध्येही मिळते आणि खोलीतही.

७ तारीख, गुरुवार

१५८/९८. संध्याकाळी १५४/९६. मीठ कमी केलंय.

आज वारा होता, अर्धा दिवस माल उचलला नाही, नुसता बसून होतो. केबिनमध्ये खुर्ची, दोन दांडे आणि काच. पायाखालीही काच. सोबतीला वॉकीटॉकी आणि त्यातला खालचा.

खालचा म्हणजे आमचा सिग्नलवाला. मला वरून हुकाखालचं दिसत नाही, तो जमिनीवरून सांगतो, डावीकडे, उचल, सोड, हळू. त्याचे डोळे आणि माझे हात. तो मला वरचा म्हणतो, मी त्याला खालचा. नावं आहेत, पण वापरायची वेळ येत नाही.

"उठलास का रे वरच्या?" हे त्याचं रोज सकाळचं.

"मी वरच आहे. लोळतोयस तू."

"लोळत नाही बाबा, जमीन धरून ठेवलीय. मी सोडली तर तू पडशील."

आठ महिने झाले, त्याचा चेहरा मी धड पाहिलेला नाही. वरून एक पिवळं हेल्मेट दिसतं आणि दोन हात. मी उतरेपर्यंत त्याची बस गेलेली असते. आज हेल्मेटखाली रुमाल बांधला होता. डोकं धरलंय म्हणाला, वाऱ्याने.

१० तारीख, रविवार

हे काहीतरी भलतंच झालं.

सुट्टी होती, चौघंही खोलीत. यंत्र पाहून तिघांचं सुरू झालं, माझं बघ, माझं बघ. ज्याचा आकडा मोठा त्याने आठवडाभर भांडी घासायची, असं ठरलं. मला वाटलं, भांडी माझ्याच नशिबी. तर माझं १२८/८२! भांडी तिघांतल्या जाड्याकडे गेली. तो म्हणतो, यंत्राला लाच दिलीस.

मी परत लावलं. १२६/८२.

पाच वाजता ताईचा फोन आला. फोन उशीवर स्पीकरवर ठेवला, पट्टा दंडालाच होता आणि बोलता बोलता बटण दाबलं गेलं.

"जेवलास का?"

"हो."

"काय जेवलास?"

"जेवण."

"नीट सांग की रे मेल्या! तुझ्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली काढण्यासारखं. बरा आहेस ना?"

"टकाटक."

"आवाज का असा?"

"अगं, फोनचा आहे."

मग ती आईच्या गुडघ्यांचं, शेजारच्या कोंबड्यांचं सांगत बसली. यंत्राने १२४/८० दाखवलं. पण मोजताना बोलायचं नाही हा नियम, म्हणून तो आकडा खोडला. नियम तो नियम.

१२ तारीख, मंगळवार

काल १५८, आज सकाळी १६०/९८, संध्याकाळी १५८. सेल बदलले. खाट खिडकीकडे ओढली. खुर्चीखाली पुठ्ठा घालून ती सरळ केली. मीठ तर पूर्णच बंद आहे, जेवण खाल्लं की कागद चावल्यासारखं वाटतं. तरी तेच.

रविवारी बरोबर आणि इतर दिवशी चूक, असं कुठलं यंत्र असतं? काहीतरी ढिलं आहे त्याच्यात.

१४ तारीख, गुरुवार

उपाय सुचला! क्रेनवरच सुचला.

रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी आम्ही काँक्रीटचा एक ठोकळा उचलतो. त्याचं वजन बरोबर दोन टन, त्याच्यावर रंगवलंय. केबिनमधल्या काट्याने दोन दाखवलं तर काटा खरा. तिथे आपण ठोकळ्यावर शंका घेत नाही, काट्यावर घेतो. म्हणजे मला पाहिजे एक ठाऊक वजनाचा हात. ज्याचं बीपी पक्कं माहीत आहे असा माणूस.

जेवणाच्या सुट्टीत खालच्याला विचारलं, "तुझा बीपीचा आकडा किती रे?"

"एकशे अठरा, शहात्तर. कार्डावर शिक्का आहे. सोन्यासारखा माणूस आहे मी, चोर मागे लागतील."

"शनिवारी खोलीवर येशील? काम आहे."

 मग म्हणाला, "जेवायला बोलावतोयस की काम सांगतोयस?"

"दोन्ही."

मध्येच मुकादम खेकसला, "लग्न जमवताय का रे दोघं? चॅनेल मोकळा ठेवा."

१६ तारीख, शनिवार

खालचा आला होता. संध्याकाळची बस मुद्दाम सोडली त्याने.

आवाजावरून मला वाटायचं, चांगला आडदांड असेल. माझ्या खांद्याला लागतो. चाळिशीचा, कानाजवळ पांढरे झालेले केस, डोळे लाल. दारात उभा राहून म्हणाला, "अरे, तू तर खाली पण असतोस!" सहा केळी आणली होती.

त्याला खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं गप्प राहा म्हटलं. त्याला गप्प बसवणं म्हणजे वारा पोत्यात भरणं. पट्टा लावला.

१८४/११२.

परत. १८२/११०. तिसऱ्यांदाही तेच.

मी टाळी वाजवली. यंत्र खोटं! ज्याचं एकशे अठरा त्याला एकशे चौऱ्याऐंशी दाखवतंय, म्हणजे माझे सगळे आकडेही फुगवलेलेच. खालचा हसत होता. "खुळं आहे तुझं यंत्र. फेकून दे." मग त्याने माझ्या दंडाला पट्टा बांधला, सिस्टरांसारखा आवाज काढून. १२६/८०. "बघ," म्हणाला, "मनाला येईल ते सांगतंय."

मग जेवलो. तीन तास कसे गेले कळलं नाही. दोन वर्षं तो घरी गेलेला नाही. मुलगी सहा वर्षांची. फोनवर ती आईला विचारते, "हे काका रोज फोन का करतात?" हे त्याने विनोद म्हणून सांगितलं, मी पण हसलो. झोप येत नाही म्हणाला, आली तर डोकं दुखून जाग येते. वर गोळ्या खातो डोकेदुखीच्या. "कुणाला सांगितलंस का?" विचारलं तर म्हणाला, "सांगायचं काय? डोकं आहे, दुखणारच. नसतं तर दुखलं नसतं."

जाताना जिन्यात मध्येच बसला. बुटाची नाडी बांधतो म्हणाला, तू जा वर. पाचेक मिनिटं बसून होता.

आत्ता लिहिताना लक्षात आलं. त्याच्या पायात चपला होत्या.

१८ तारीख, सोमवार

कामाआधी यंत्र सिस्टरांच्या टेबलावर ठेवलं. बिघडलंय म्हटलं.

त्यांनी स्वतःच्या दंडाला आधी त्यांचं लावलं, मग माझं. दोन्हींत ११०/७०. ड्रेसिंगला आलेल्या सुताराला लावलं. दोन्हींत सारखं.

"यंत्र बरोबर आहे. काय पाहिलंस तू?"

मी ठोकळ्याची गोष्ट सांगितली. १८४ म्हटल्यावर त्यांच्या हातातला कापूस थांबला.

"कुणाचा हात?"

"एका मित्राचा. पण त्याच्या कार्डावर एकशे अठरा आहे."

"कार्ड कधीचं?"

ते मी बघितलंच नव्हतं. ठोकळ्याचं वजन बदलत नाही. माणसाचं बदलतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

"नाव सांगू नकोस हवं तर," म्हणाल्या, "पण त्याला आज घेऊन ये. आजच. ही वाट बघायची गोष्ट नाही."

चॅनेलवर सगळे ऐकतात, मुकादमही. मी आपलं आडून म्हटलं, "खालच्या, काटा खरा निघाला. ठोकळाच जड आहे."

 मग म्हणाला, "ठोकळ्याला घर चालवायचंय. तू गप काम कर."

त्याच्यावर फार ताण आहे, हे मला आता दिसतंय. बायको-मुलगी तिकडे, हा इकडे, बोलायला कुणी नाही, दिवसभर विनोद करतो आणि रात्री डोकं धरून बसतो. असं माणसाने राहू नये. अंगावर निघतंच ते कुठेतरी.

माझं संध्याकाळी १६२/१००. जेवलो नाही. मनात काही नव्हतं.

१९ तारीख, मंगळवार

तयार जिन्याचा तुकडा उचलला होता, साडेतीन टन. चौथ्या मजल्यावर नेत होतो. खालचा सांगत होता, "ये, ये, डावीकडे, अजून..." आणि थांबला.

मी दांडा सोडला. भार लटकत राहिला. खाली बघितलं तर पिवळं हेल्मेट खांबाला टेकून हळूहळू जमिनीशी गेलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी मोजत होतो. एकवीस, बावीस. एकतीसला आवाज आला, "हां. ये आता खाली." आवाज ओला होता.

आमच्या कामात एक नियम सगळ्यांच्या वर आहे. चॅनेलवर कुणीही "थांब" म्हणालं, झाडूवाला का असेना, की सगळं थांबतं आणि मुकादमाने येऊन बघायचं. आठ महिन्यांत मी तो शब्द कधी वापरला नव्हता.

"थांब," मी म्हटलं.

"कशाला? सगळं ठीक आहे," खालचा म्हणाला.

"थांब. मुकादम, सिग्नलवाल्याची तब्येत बरी नाही. दुसरा माणूस द्या आणि याला सिस्टरांकडे न्या. १८४ आहे त्याचं."

सगळ्या चॅनेलने ऐकलं.  मग खालचा म्हणाला, इतक्या हळू की मी वॉकीटॉकी कानाला लावून ऐकलं, "पोटावर पाय दिलास रे माझ्या."

दोघांनी धरून नेलं त्याला. त्याने एकदाही वर बघितलं नाही.

२० तारीख, बुधवार

तो दवाखान्यात आहे. दोन दिवस ठेवणार, मग महिनाभर स्टोअरमध्ये, मग बघू, असं सिस्टर म्हणाल्या. "वेळेत आणलंत," म्हणाल्या. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलला का? "नाही," म्हणाल्या.

नवा सिग्नलवाला चांगला आहे. उचल, सोड, हळू. तिसऱ्या शब्दापुढे जात नाही.

१६४/१००.

२४ तारीख, रविवार

तिघंही दिवसभरासाठी कुणाच्या तरी घरी गेलेत. दवाखान्यात जाऊन आलो, तर त्याला परवाच सोडलं होतं. त्याच्या खोलीचा पत्ता मला माहीत नाही. आठ महिने रोज ज्याच्याशी बोललो तो राहतो कुठे, हे ठाऊक नाही.

पाच वाजता ताईचा फोन वाजला. उचलला नाही. आवाज ओळखते ती.

उद्याची तयारी केली. कोरा कागद घेऊन त्यावर फक्त चांगले आकडे उतरवले. १२८, १२६, १२४, परत १२६. चुकीच्या आकड्यांवर निकाल कशाला द्यायचा?

२५ तारीख, सोमवार

बाकावर दहा-बारा जण होते. वेल्डर, रंगारी, जाड्या, सगळ्यांची आज तपासणी. जाड्या म्हणे, डॉक्टर आले की पोट आत ओढा. दाटीवाटीने बसलो होतो, एकमेकांच्या मांडीवर. पट्टा लावला तर १३०/८४.

डॉक्टर म्हणाले, "उतरलं की! वही आणलीस?"

मी कागद काढला. त्यांनी शिक्का उचलला होता. एक क्षणाचं काम होतं.

मंगळवारी मी ओरडून सांगितलं होतं, १८४ आहे त्याचं. त्याच यंत्राच्या जोरावर त्याला खाली बसवलं. दुसऱ्याच्या हाताला खरं आणि माझ्या हाताला खोटं, असं यंत्र नसतं. आणि परत एखादा भार हवेत असताना या वेळी खालचं नाही, वरचं माणूस आडवं झालं तर? त्याला तर कुणी धरायलाही नाही वर.

मी कागद परत खिशात घातला आणि वही दिली.

सिस्टरनी पानं उलटली. "हे सगळे दीडशेच्या वरचे. जवळ कोण होतं, ते लिहिलेलं नाहीस."

"कुणी नव्हतं."

"कशालाच?"

"नाही."

"आणि हे चार?"

"हे तिघं होते. हे ताई, फोनवर. हे खालचा."

डॉक्टर आणि सिस्टर एकमेकांकडे बघत राहिले. मी म्हटलं, "म्हणूनच मला वाटलं, खोलीत काही असेल. ओल वगैरे."

"ओल नाही रे," सिस्टर म्हणाल्या, आणि चिठ्ठीचा कागद पुढे ओढला.

एक महिना खाली. रोज सकाळी एक छोटी गोळी. आणि मला दिवसपाळीवाल्यांच्या खोलीत खाट द्यायला त्यांनी मुकादमाला चिठ्ठी लिहिली. ती कशासाठी, ते मला नीट कळलं नाही. त्या खोलीत सहाजण आहेत, गोंगाट असतो म्हणे.

ताईला मीच फोन केला. मला खाली उतरवलंय म्हटलं. तिने आधी दोनदा विचारलं, खरंच ना? मग म्हणाली, "मला आठ महिने वाटत होतं, तू पडशील. आता निदान झोपेन मी." हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मी पण कुठे काय सांगत होतो?

२७ तारीख, बुधवार

स्टोअर म्हणजे लांब पत्र्याची खोली, एक टेबल, दोन स्टुलं. दुसऱ्या स्टुलावर खालचा.

मला बघून त्याने खोका स्वतःकडे ओढला. दिवसभर बोल्ट निवडले. मोठे त्याच्याकडे, बारीक माझ्याकडे. तो समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, आणि वॉकीटॉकीपेक्षा लांब. दुपारी मी विचारलं, "डोकं कसं आहे?" त्याने खोका हलवला, बोल्टांचा आवाज झाला. तेच उत्तर.

१५०/९४.

३० तारीख, शनिवार

चार दिवस झाले. मी त्याच्यासाठी केळी आणली, तशीच काळी पडली टेबलावर. माफी मागावी म्हटलं तर ते खोटं होईल. परत तसं झालं तर मी परत "थांब" म्हणेन. हे त्यालाही माहीत आहे, म्हणूनच बोलत नाही.

नव्या खोलीत गेलो. सहाजणांत एक घोरतो, एक झोपेत हिशोब सांगतो, एक विचारतो, "तू क्रेनवाला ना? वरून आमच्या ताटात काय आहे दिसतं का?" मी म्हटलं, दिसतं. आता सगळे ताट झाकून जेवतात.

४ तारीख, गुरुवार

दुपारी खालचा अचानक म्हणाला, "ते बारा नंबरचे नाहीत, सोळाचे आहेत. वर बसून बसून डोळे गेलेत तुझे."

नऊ दिवसांतलं पहिलं वाक्य. मी सोळाचे उचलून त्याच्या खोक्यात टाकले. 

"बायकोला सांगितलं," तो बोल्टांकडे बघत म्हणाला. "दवाखान्यातून. तिने आधी शिव्या घातल्या, मग रडली, मग परत शिव्या. पुढच्या महिन्यात ये म्हणाली, नाहीतर पोरीला घेऊन मीच येते."

"मग जा की."

"जाणारच आहे. तुला विचारत नाहीये." मग थोड्या वेळाने, "तुझ्यावरचा राग गेलेला नाही हां माझा."

"असू दे."

"असणारच आहे. तू काय, आकडा पण सांगायचास सगळ्या चॅनेलला? वेल्डर मला आता एकशे चौऱ्याऐंशी म्हणून हाक मारतो."

मला हसू आलं. आधी त्याला नाही आलं, मग आलं. सुटल्यावर त्याच्याबरोबर बसच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. पहिली बस गेली, तो क्रेनची शिडी कुणी आखली त्याला शिव्या देत होता. दुसरी गेली, त्याची मुलगी शाळेत काय बोलते ते सांगत होता. तिसरीला मीच त्याला ढकलून बसवलं. कुठे उतरतो, कुठल्या गल्लीत राहतो, तेही विचारून घेतलं.

येऊन जेवलो, सहाजणांचं भांडण ऐकलं, वही उघडली. आणि बघतो तर मागच्या पानावर आजची जागा कोरी. सकाळी घाईत राहिलं आणि संध्याकाळी मोजायचं डोक्यातच आलं नाही. महिन्यात पहिल्यांदा.

सिस्टर रागावणार. यंत्र कुठे ठेवलंय तेही आठवत नाही. आता झोप येतेय, उद्या बघतो.